पोरं पळवणारा दाढीवाला

ऐंशीच्या दशकात मी चामोर्शीजवळच्या एका खेड्यात शिक्षक होतो. गावाबाहेरच्या नाल्यावर पुलाचं काम सुरू झालं आणि बातमी पसरली, की पायात पुरायला ठेकेदाराला लहान पोरं पाहिजेत. आठवडाभरात माझा निम्मा वर्ग घरी बसला.

बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर एक म्हातारा शेतकरी सांगत होता, "शेजारच्या गावात दाढीवाला आला होता. खांद्यावर झोळी. पोरं किती, वय काय, घरोघरी विचारून राह्यला होता."

मी कप खाली ठेवला. "भाऊ, तो मीच होतो. शाळेत नावं घालायला पोरं शोधत होतो."

सगळे हसले. "तुम्ही कुठचे, गुरुजी! तो तर सहा फूट उंच होता. डोळे लाल."

"झोळीत कोयता होता म्हणते," टपरीवाला म्हणाला.

"कोयता नाही, माझा जेवणाचा डबा होता!"

म्हाताऱ्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "गुरुजी, तुम्ही त्याले काऊन वाचवून राह्यले?"

मी चहा संपवून उठलो. आणखी बोललो असतो तर त्याचा साथीदार ठरलो असतो.

दुसऱ्या दिवशी गावाने सभा घेतली आणि दाढीवाल्यापासून पोरांची राखण करायला एक शिकलेला माणूस नेमला. मलाच. हातात काठी देऊन मला शाळेच्या दारात उभं केलं, तशी पोरं परत आली. मीही इमानदारीने पहारा दिला. रस्त्यावर कुणी उंच माणूस दिसला, की काठीवरची माझी मूठ आपोआप घट्ट व्हायची.