ओरिजनल कॅसेट

शिवाजी पेठेतल्या व्हिडिओ लायब्ररीत मी कॅसेट बदलायला गेलो, की तो म्हातारा हमखास दिसायचा. एका जागी उभा म्हणून राहायचा नाही. चप्पल काढायचा, लगेच घालायचा, टोपी चुरगाळायचा. विचारणं एकच, "ओरिजनल आली का?"

त्याला हवा तो पिक्चर पन्हाळ्यावर शूटिंग झालेला. दुकानात त्याची थेटरच्या पडद्यावरून चोरून उतरवलेली कॉपी होती. ती तो घेईना.

एकदा मीच वैतागलो. "अहो, पिक्चर तोच आहे की! न्या आणि बघा."

"न्हेलती की, पावणं," टोपी पिळत तो म्हणाला. "आमची कारभारीण वारली. घरात तिचा फोटू बी न्हाय. त्या पिक्चरात गर्दीच्या शीनमधी ती पार कडंला उभी हाय. आन् ह्या चोरीच्या कॉपीत नेमक्या कडाच कापल्यात."