रेनाटेबाईंचे संध्याकाळचे तास

रेनाटेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चाकांच्या खुर्चीत बसून दुसऱ्या एका बाईकडून ओठांना लाली लावून घेत होत्या. "डावीकडे. अजून. अगं, ओठ आहे तो, कुंपण नव्हे!" मानेखालचं शरीर जवळजवळ गेलेलं, बोटसुद्धा हलत नसे, पण आवाज असा की जिन्यात ऐकू यावा. जर्मनीत कार्ल्सरूहेला आमच्या निखिलच्या खालच्याच मजल्यावर त्यांचं घर. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. नातवाला सांभाळायला म्हणून मी गेले होते. शिऱ्याची वाटी घेऊन दारात आले ती तशीच उभी राहिले. निखिल शेजारून मराठीत सांगत होता म्हणून कळलं तरी.

"ही मुलगी का तुमची?" मी विचारायला लावलं.

"छे! मी हिची साहेबीण."

लाली लावणारी ती ओल्गा; तिचा पगार सरकार देई, पण तिला निवडली बाईंनी आणि कामावरून काढायचं झालं तर काढणारही त्याच. नवरा नाही, मूल नाही, स्वतःचा घास स्वतःला घेता येत नाही, आणि ही बाई एकटी आपल्या घरात राहते! मला तर धक्काच बसला. "हात ओल्गाचे, काम माझं," असं त्या म्हणायच्या. आधी कुठली बाही घालायची, चहात पिशवी किती वेळ ठेवायची, सगळं सांगणार त्याच.

एकदा ओल्गा आत होती, म्हणून मी आपला चमचा उचलला आणि सूप भरवायला गेले. बाईंनी ओठ घट्ट मिटले. "मी विचारलं होतं का तुम्हाला?"

शब्दांचा अर्थ निखिलने नंतर सांगितला, पण सूर तेव्हाच कळला. असा राग आला! वर येऊन निखिलला म्हटलं, "शिष्ट आहे मेली." आणि मग भांडी घासता घासता माझे धाकटे दीर आठवले. अर्धांगवायूने अकरा वर्षं पडून होते. रोज मीच भरवायची त्यांना. गरम हवं की गार, असं एकदासुद्धा विचारलं नव्हतं हो मी. हातातलं पातेलं हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारच्या चहाला खाली जाऊ लागले. जर्मन मी त्यांच्याकडूनच शिकले. चुकले की "आल्झो, पुन्हा!" आल्झो म्हणजे 'तर मग'.

एके दिवशी गेले तर सरकारी कचेरीतली तपासणीची बाई आलेली. मदतीचे किती तास द्यायचे, ते तिच्या कागदावर ठरायचं. तिने विचारलं, आपण कोण? मी शिकलेलं सगळं जर्मन पणाला लावलं. "शेजारीण! रोज येते. खायला आणते. काही काळजी करू नका, आम्ही आहोत ना! संध्याकाळी मी आहे, मुलगा आहे. बहिणीच आम्ही." तिने हसून सगळं लिहून घेतलं. मला वाटलं, काय छान बोलले! बघते तर रेनाटेबाई पांढऱ्याफटक.

पत्र आलं. शेजाऱ्यांची मदत उपलब्ध, सबब संध्याकाळचे तास कमी. आता ओल्गा पाचलाच जाणार, म्हणजे बाईंना अंथरुणात घालूनच जाणार. जून महिना, बाहेर साडेनऊपर्यंत उजेड. ओल्गा निघताना मी आत गेले. पडदे ओढलेले, बाई छताकडे बघत पडलेल्या. सकाळी आठपर्यंत अशाच. कूस बदलायची सोय नाही. हे मी केलं होतं.

"मी येते ना रोज," मी रडतच म्हटलं. "मी झोपवते तुम्हाला."

"तुम्ही आलात की कचेरीचं म्हणणं खरं ठरेल. मग तुम्ही जाल भारतात, आणि मी जाईन अपंगांच्या संस्थेत. तिथे सगळ्यांना एकाच वेळी झोपवतात." मग म्हणाल्या, "मदत करायचीच असेल तर लिहून द्या, की करणार नाही."

बाईंच्या हरकतीच्या अर्जाला जोडायला मी लिहिलं, 'मी यांची शेजारीण. चहाला पाहुणी म्हणून जाते. यांना भरवणं, उचलणं, झोपवणं माझ्याकडून होणार नाही.'

निखिलने वाचलं. "आई, हे तू लिहिलंस?"

"सही कुठे करायची ते दाखव," मी म्हटलं.

चार महिने पाचनंतर मी खाली पाऊल टाकलं नाही. आम्ही वर जेवायला बसायचो, आणि खाली त्या जाग्या आहेत हे मला माहीत असायचं.

ऑक्टोबरात तास परत मिळाले. त्या संध्याकाळी मी जवळजवळ धावतच गेले. बाईंच्या खांद्यावरची शाल घसरली होती, सवयीने माझा हात पुढे गेला.

"बसा," त्या म्हणाल्या. "पाहुण्या आहात. लेखी दिलंय तुम्ही." आणि ओल्गाला शाल सारखी करायला सांगितली.

दोन वर्षांनी मी पुण्यात असताना निखिलचा फोन आला. रेनाटेबाई गेल्या. संध्याकाळी आठला, ओल्गाला पुस्तकाचं पान उलटायला सांगता सांगता.

"खुर्चीत ना रे?"

"हो, आई."

"आठ वाजता?"

"हो गं, सांगितलं ना."

तरी मी फोन ठेवला नाही. पुन्हा एकदा विचारलं.