मरण गाळून वाचणारी आत्या

उभ्या हैदराबादेत मरणाशी अबोला धरलेली एकच बाई होती, आणि ती म्हणजे माझी आत्या. तिच्या अंबरपेठेतल्या घरात बांगडी फुटत नसे, वाढत असे. दिवा विझत नसे, शांत होत असे. आता एवढं पुष्कळ घरांत चालतं, पण आत्याची मजल त्याच्याही पुढची. परदेशी कंपन्या आल्या, आता देशी कारखाने मरणार, असं टीव्हीवर कुणी म्हणालं की ही टीव्हीच बंद करायची. "शुभ बोला की मेल्यांनो! वास्तू तथास्तु म्हणत असते." हा 'मेल्यांनो' मात्र तिला चालायचा.

त्या वेळी गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या कंपन्या निघत होत्या. तशाच एकीत नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून आलो आणि आत्याकडेच राहिलो. तिचे यजमान, म्हणजे आमचे आत्तोबा, नुकतीच कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते. संध्याकाळच्या चहानंतर आत्या त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. शेवटच्या पानापर्यंत किमान दोन लग्नं होणारी कादंबरी तिला लागे. चुकून कुणी आजारी पडलंच, तर ती वाचता वाचता त्याला बरं करी. एकदा मी मागून पुस्तकात डोकावलो. छापील नायिका तापानं गेली होती. आत्याची नायिका नागपूरला सुखानं नांदत होती!

मग डॉक्टरांनी आत्तोबांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. त्याआधी त्यांना आत्याशी एक गोष्ट बोलायचीच होती. पण त्यांनी "माझं काही बरंवाईट..." एवढं म्हटलं की ही स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायची. चार वेळा असं झालं. शेवटी आत्तोबांनी मराठी ग्रंथालयातून एक कादंबरी आणली, स्वतः आधी गुपचूप वाचली आणि तिच्या हातात दिली. तिसऱ्या मजल्यावर एक अगडबंब मास्तर मरतात, जिना अरुंद, आणि त्यांना खाली कसं उतरवायचं यावर बिऱ्हाडकरूंची तीन दिवस भांडणं, अशी ती गोष्ट.

आत्यानं पहिल्याच पानावर मास्तरांना झोपवलं. ते झोपले ते उठेचनात. दुसऱ्या दिवशी लोक त्यांना दोरानं बांधायला लागले.

"अगं आत्या, झोपलेल्या माणसाला खिडकीतून का उतरवतायत?" मी विचारलं.

"उशीर होत असेल त्यांना शाळेला," ती न अडखळता म्हणाली.

आत्तोबा हसले नाहीत. "मेलाय तो, अगं," ते हळूच म्हणाले. "मी वाचलंय सगळं. आहे तसं वाच ना."

आत्यानं ओळीवरचं बोट उचललं. मग पहिलं पान काढलं आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर वाचलं, "मास्तर मेले होते." वास्तू काही बोलली नाही. आत्या पुढे वाचत गेली. दोराला लोंबकळणारे मास्तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी अडकतात आणि आतल्या बाई सवयीनं "या, चहा घेऊन जा" म्हणतात, तिथे तर ती तोंडाला पदर लावून इतकी हसली, इतकी हसली, की हसता हसता रडायलाच लागली.

तेव्हा आत्तोबा बोलले. "मी गेलो तर कुंकू पुसायचं नाही. मला नाही आवडणार. कबूल?"

"नक्को ना हो असं."

"कबूल म्हण."

या वेळी ती उठली नाही. "हौ," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन छान झालं. त्यानंतर अकरा वर्षं आत्तोबा मजेत होते, आणि आत्याही छापलंय तसं वाचायला लागली होती. मग एका सकाळी ते गेले. तोवर मी वेगळा राहत होतो. मी पोचलो तेव्हा भेटायला आलेल्या बायका आत्याच्या कपाळाकडे बघून एकमेकींना खुणावत होत्या. मला त्यांचा असा राग आला! पण आत्यानंच मान वर करून सांगितलं, "त्यांना कबूल केलंय मी."

कुंकू जरा तिरकं लागलं होतं.