दुपारी बंद राहणारा बगीचा

गुजराती मुलखात, उधन्यात आमची एकच खोली होती. नवरा लूमच्या कारखान्यात रात्रपाळीला. बारा तास उभं राहून सकाळी घरी आला की आंघोळ करून जो झोपायचा, तो चार वाजेपर्यंत. त्याच खोलीत मी, पाच वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. पोरांच्या तोंडावर हात ठेवण्यातच माझा दिवस जायचा. चाळीतल्या निम्म्या घरांत हीच गत.

चौऱ्याण्णव सालच्या प्लेगनंतर शहराची साफसफाई झाली, तेव्हा आमच्या गल्लीमागचा उकिरडाही गेला आणि तिथे पालिकेने बगीचा केला. जुने कडुलिंब तसेच ठेवले, फिरायला लाल मातीची वाट केली, दोन झोपाळे लावले. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्याच दिवशी दुपारी पोरांना घेऊन गेले, तर फाटकाला कुलूप. पाटीवर लिहिलेलं: सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते आठ.

"बेन, बपोरे बंद," आतून वॉचमन म्हणाला.

शेजारीण सोबत होती. "मंग पोऱ्हेसले कथा लई जाऊत?" पोरांना न्यायचं कुठे, असं ती अहिराणीतच त्याच्यावर ओरडली. त्याला काय कळणार!

त्याच आठवड्यात मुलाने ताट आपटलं. नवरा दचकून उठला आणि त्याने पोराच्या थोबाडीत मारली. माझा नवरा कधी कुणावर हात उगारणारा नव्हता. मग तो उंबऱ्यात बसून राहिला, त्या दिवशी पुन्हा झोपला नाही. लाल डोळ्यांनी तसाच पाळीवर गेला.

मी धुळ्याला अकरावीपर्यंत शिकलेली. अर्ज लिहिला. बायकांनी सह्या केल्या, अंगठे दिले. गार्डन खात्यात साहेबांसमोर उभी राहिले.

साहेब हसले. "दुपारी बगीच्यात कोण येतं? रिकामटेकडे पत्ते कुटायला येतात."

"साहेब, घरात माणसं झोपलेली असतात. पोरांना बाहेर कुठे न्यायचं?"

"बघू," म्हणाले. कागद ट्रेमध्ये टाकला.

महिना गेला, दोन गेले. दर वेळी कारकून म्हणायचा, "अर्ज शोधावा लागेल." पोचपावती घ्यायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मधल्या काळात सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी फाटक सहाऐवजी पाचला उघडायला सांगितलं. आठ दिवसांत पाटी बदलली.

शेवटी वॉचमनलाच दया आली. दुपारी तो मागचं लहान दार उघडायचा. "अवाज नहीं करना," एवढंच सांगायचा. पंधरा दिवस आम्ही सात-आठ बायका लिंबाखाली बसलो. पोरं लाल वाटेवर धावायची, झोपाळ्यासाठी भांडायची, मोठ्याने रडायचीसुद्धा. मी त्यांना अडवत नव्हते. माझा मुलगा इतक्या मोठ्याने हसतो, हे मला तिथे कळलं.

मग कुणीतरी तक्रार केली की हिरवळीवर शेंगांची टरफलं पडतात. टरफलं आमचीच होती, खोटं कशाला बोलू? पण झाडू मागितला असता तर आम्ही अख्खा बगीचा झाडून दिला असता. वॉचमनची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला झाली. त्याला तोंड दाखवायची मला लाज वाटली. नवा वॉचमन फाटकाजवळ उभंही राहू देईना.

पुढच्या वर्षी नवऱ्याला दिवसपाळी मिळाली, मुलगी शाळेत जाऊ लागली. माझी गरज संपली होती. पण चाळीत नव्याने आलेल्या दोघी तान्ही लेकरं घेऊन दारात आल्या. "ताई, तुम्ही अर्ज लिहिता ना?"

पुन्हा लिहिला. या वेळी शिक्क्याची प्रत हट्टाने घेतली. कितीतरी महिन्यांनी गुजरातीत उत्तर आलं: बगीच्याची वेळ जनतेच्या हितासाठी ठरवली आहे, तीत बदल करता येणार नाही.

ही जनता कोण, ते विचारायला मी पुन्हा गेले. साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी मला पहिल्यापासून सगळं सांगायला सांगितलं.