दाखवणाऱ्याचा वाटा

ससा भित्रा असतो असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी तो कधी बसलेला पाहिलाच नसावा. माणूस अगदी अंगावर येईपर्यंत जागचा न हलणारा प्राणी भित्रा कसा? मी पाहिला होता. लढाईचे दिवस होते. कृष्णाकाठच्या हिरव्या मळ्यातून उचलून मला जतकडच्या माळावर आणून टाकलं होतं. त्याला लग्न म्हणायचं. नवरा पलटणीत. घरात सासू, दारात मेंढरं, आणि निम्मं बोलणं कानडीत. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. शेण गोळा करायला माळावर गेलं की तेवढाच जीव मोकळा व्हायचा.

तिथं एका तरवडाच्या झुडपाच्या बुडाशी मला ती सशीण दिसली. ससा बीळ करत नाही हे मला तिच्यामुळं कळलं. मातीत अंगापुरता खळगा उकरायचा, पुढं उथळ, मागं खोल, आणि कान पाठीवर पाडून दिवसभर बसायचं. अंग मातीच्याच रंगाचं; मानेमागचा काळा डाग तेवढा ओळखू यायचा. दिवस बुडाला की ती चरायला निघायची. पहाटे मी परसाकडे जायची तेव्हा ती परतत असायची, पण सरळ जागेवर कधी आली नाही. आल्या वाटेनं मागं फिरायची, मग एकदम बाजूला लांब उडी, की माग काढणारा बसला वास घेत. एवढी शहाणी, पण एक खोड होती. बांधावरच्या काटेरी कुंपणातून जायची तिची फट ठरलेली. बाजूला कितीही मोकळं असो, बाई जाणार तिथूनच.

फाल्गुन सरता सरता ती व्याली. दोन पिल्लं. उंदराच्या पिल्लांसारखी उघडी नागडी नव्हेत. अंगभर लव, डोळे टक्क उघडे. तिनं एक इकडं लपवलं, एक तिकडं, आणि आपण लांब जाऊन बसली. दिवसभर फिरकायची नाही. कसली ही आई, म्हणून मला रागच आला. मग एकदा सांजचं पाटी घेऊन थांबले तेव्हा उमगलं. दिवस बुडायला लागला की दोन्ही पिल्लं जन्मल्या जागी येऊन बसायची, ती यायची, पाजायची आणि निघून जायची. आपल्या वासानं कोल्हा पिल्लांपर्यंत पोचू नये म्हणून ती लांब राहत असावी. मला माझी आई आठवली आणि मी माळावर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

पाडव्याच्या तोंडावर नवरा रजेवर आला. लग्नापासून आमचं धड बोलणंही झालं नव्हतं.

"दिसभर माळावर काय करतीस गं?" त्यानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. तरवड, फट, पिल्लं. "कुणाला सांगू नगा, आवं," म्हटलं.

"न्हाई सांगत. तुझ्या गळ्याची आण."

त्या घरात माझं म्हणावं असं एवढंच होतं, आणि त्याच्यापाशी ते बोलताना मला पहिल्यांदा तो माझा वाटला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गावात पारध निघते. गडीमाणसं जाळी, काठ्या घेऊन माळावर जातात, आणि बसलेला ससा ज्यानं दाखवला त्याच्या घरी मागची तंगडी मानाची म्हणून पोचती होते. आमच्या काठाला ही रीत नव्हती. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

सांजच्याला हलगी दारात आली. पुढं पारधीचा म्होरक्या, एक म्हातारा. त्याच्या काठीला कातडं लोंबत होतं आणि मानेवरचा काळा डाग मला दिसला. त्यानं पळसाच्या पानातली तंगडी पुढं केली.

"माझ्या ल्योकाचा वाटा व्हय?" सासूनं हात पुढं केला.

"न्हाई वैनी, तुमच्या सुनंचा. तिनंच दावला म्हनं. फटीला जाळं लावलं, सरळ आला की गुतला."

कधी गोड शब्द न बोललेल्या सासूनं माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. नवरा दारात उभा राहून हसत होता. "सांगनार नव्हतो गं," तो हळूच म्हणाला, "पर गावात तुला वळखतंय कोन? आता लय नाव झालं बघ."

त्याच्या तोंडावर चोराचा भावही नव्हता. असता तर मी भांडले असते. आण मोडून तो मला मान देत होता, आणि तो मान गावानं घरपोच आणला होता. मला त्या मानाची किळस आली.

"जरा माळावर जाऊन येते," मी म्हटलं.

"आता कुटं?" सासू म्हणाली. "मानसं जेवाय बसतील. चूल पेटीव."

मी चूल पेटवली. पाट्यावर मसाला वाटायला घेतला. पिल्लं अजून गवताला तोंड लावत नव्हती. दारातून माळ दिसत होता आणि दिवस बुडायला लागला होता. ती दोन्ही जागेवर येऊन बसली असतील.