इंजिनाच्या रंगाची साडी

नाशिक रोड स्टेशनवर मला रोज एक म्हातारी दिसायची. लाल इंजिन आलं की ती आपल्या विटक्या लाल साडीचा पदर हातावर पसरून रंग जुळवून बघायची. एकदा मी विचारलंच.

"हा रंग माझ्या साडीचा हाय," ती म्हणाली. "आमचे मालक इंजिनं रंगवायचे. सायबानं नवा रंग सुचवायला सांगितला, तं यांनी माझी साडीच नेऊन दाखवली."

माझ्या पोटात दुखलं. थापच असावी ही, असं फार वाटलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "छे! असले रंग दिल्लीत ठरतात."

बरं वाटलं. मग मी विचारलं, "मी आज कुठल्या रंगाची साडी नेसलेय?"

उत्तर द्यायला त्याने मान वर केली.