मोठ्या नंबरची वायर

वायर हा विषय मला जन्मजात कळतो, अशी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझी समजूत होती.

तसा मी नागपूरला, धरमपेठेतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. भूगोलात वायरीवर धडा नाही. पण आमच्या घरातला बल्ब मी बदलतो, रिमोटचे सेल मी घालतो, आणि एकदा तर बंद पडलेली दारावरची बेल मी एका थपडेत सुरू केली होती. (ती नंतर दोन दिवस थांबलीच नाही, ही गोष्ट वेगळी. सुरू तर झाली!)

त्यामुळे माझा साळा गजानन कुहीहून आला आणि तोंड पाडून बसला, तेव्हा मी पुढे सरसावलो. त्याच्या मुलीचं, पायलचं, लग्न ठरलं होतं. नवरदेवाकडचे चांगला ट्रकभर डीजे घेऊन येणार होते, आणि मुलीकडून वाजवायला काही नव्हतं.

"भाऊजी, ते धडाधड वाजवत येतीन अन् आपली पोरगी मुकाट्यानं मांडवात जाईन. कसं दिसन ते?"

"मुकाट्यानं काहून जाईन? माझ्या गाडीत बसून वाजत-गाजत जाईन!" मी म्हणालो. "गाडीत नवा अँप्लिफायर बसवतो, डिकीत बेसचा मोठा डबा टाकतो. अख्खं कुही हाललं पाहिजे!"

गजाननचा चेहरा असा खुलला की मला माघार घेणं शक्य नव्हतं. बातमी संध्याकाळपर्यंत कुहीत पोचली. दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या घरीही पोचली.

अँप्लिफायर आला, डबा आला. राहिली वायर. मी इतवारीच्या बाजारात निघालो तशी आमची बायको, कुंदा, स्वयंपाकघरातून म्हणाली, "वायर घ्याले मलेही संगं न्या."

"अवं, साडी नाही आणायची, वायर आणायची आहे!"

ती काही बोलली नाही. कुंदा काही बोलली नाही की काहीतरी चुकलेलं असतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. फक्त वेळेवर आठवत नाही.

इतवारीत हातगाड्या आणि टेम्पो यांच्यामधून अंग चोरत मी एका दुकानात शिरलो. दुकानदार सज्जन होता.

"गाड़ी के अँप का वायर? चार नंबर ले जाओ साहब. कम से कम आठ."

चार! आठ! जन्मभर मी पोरांच्या पेपरांवर नंबर देत आलो आहे. चार नंबर कोणाला देतात हे मला सांगायला नको. हा माणूस मला हलका माल खपवतो आहे, हे मी लगेच ओळखलं.

"चार-आठ नको भाऊ. मोठा नंबर दाखवा."

"बड़ा नंबर? सोला है, अठारा है... पर वो तो साहब, छोटे स्पीकर का..."

"सोळा द्या!"

"अरे साहब, सुनिए तो..."

"सोळा!"

मी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. (वर्गातही देत नाही.) त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. तो आदर असावा असं मला वाटलं. त्याने काढून दिलेली वायर आमच्याकडच्या शेवयांपेक्षा थोडीशीच जाड होती. तंत्रज्ञान किती पुढे गेलं, सगळं बारीक होत चाललंय, असं कौतुकाने म्हणत मी ती पिशवीत टाकली. त्याने तीन फ्यूजही दिले आणि त्यातला एक बॅटरीजवळ लावा असं दोनदा बजावलं.

रविवारी मी कामाला लागलो. बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर नेली. आवाजाच्या वायरी, करंटच्या वायरी, सगळ्यांची एकत्र अशी सुबक वेणी घातली की गजरा माळावासा वाटावा. अर्थिंगची वायर हाताला लागलेल्या पहिल्या स्क्रूला बांधली. बटण दाबलं. आणि वाजलं की हो! खिडक्यांच्या काचा थरथरल्या, समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. मी स्वतःच्या पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला, पण हात पोचला नाही.

शेजारचे भुसारीकाका धावत आले आणि थेट गाडीखाली वाकून पाहू लागले.

"काय शोधून राहिले काका?"

"कुत्र्याचं पिल्लू दबलं वाट्टे गा. अॅक्सिलेटर दिला का कुंईंईं करते!"

ते स्पीकरमधून येत होतं. इंजिनाचा वेग वाढला की कुंईं वाढायचं. शिवाय बेसच्या प्रत्येक ठोक्याला पुढचे दिवे मिचकावायचे. कुंदा गॅलरीतून हे सगळं पाहत होती.

"दिव्यांना काय होऊन राह्यलं?"

"डिस्को आहे तो. मुद्दाम ठेवला."

"अन् ते कुंईंकुंईं?"

"सुरुवातीला होते तसं. नवीन आहे ना!"

एकच अडचण होती. आवाज वाढवला की फ्यूज जायचा. दोन फ्यूज गेले. तिसऱ्यावर मी डब्यात पोळ्या गुंडाळतात ती चंदेरी पन्नी गुंडाळली, आणि काय सांगू, फ्यूज जायचा कायमचा बंद झाला! नोबेल न मिळण्यामागे माझा संकोची स्वभाव कारणीभूत आहे, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

लग्नाच्या सकाळी आम्ही दोघं कुहीला निघालो. कुंदाने मोरपिशी साडी नेसली होती, हातावर मेंदी होती. शहर मागे पडलं तसा मी आवाज पूर्ण सोडला. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मोकळा रस्ता, आणि आमची गाडी एखाद्या मिरवणुकीसारखी चाललेली.

"पायाखालची चटई गरम होऊन राह्यली," कुंदा म्हणाली.

"उन्हाळा आहे."

"सकाळचे आठ वाजले आहेत."

"विदर्भातले आठ आहेत ते!"

"अन् हा वास?"

"शेतात काही जाळत असतीन."

तेवढ्यात चटईच्या कडेने धुराची एक बारीक रेघ वर आली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिची दोरी झाली, दोरीचा दोरखंड झाला! अशा प्रसंगी प्रसंगावधान लागतं. मी हॉर्न वाजवला. मग गाडी थांबवली, पाण्याची बाटली उघडली आणि...

"पाणी टाकू नका!" कुंदा ओरडली. पदर खोचून ती खाली उतरली, बॉनेट उघडलं, हातरुमाल हाताला गुंडाळला आणि बॅटरीवरून गेलेली माझी वायर एका हिसक्यात उपटून काढली. गाणं थांबलं. धूर थांबला. मी हातात बाटली घेऊन उभा होतो, म्हणून थोडं पाणी प्यायलो.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझे सासरे कुहीतल्या आपल्या दुकानात जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचे. आसपासच्या शेतातले पंप त्यांच्याकडे यायचे, ते जुनी तार काढून नवी गुंडाळून द्यायचे. हे मला माहीत होतं. पण त्यांच्याशेजारी बसून शाळेच्या वयापासून अर्ध्या मोटरी कुंदाने गुंडाळल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

आम्ही मुकाट्याने कुहीत शिरलो. गावाच्या तोंडावर नवरदेवाचा डीजे आधीच येऊन उभा होता, घराएवढा. मांडवाच्या दारात गजानन आमचा आवाज ऐकायला कान देऊन उभा होता. गाडी चुपचाप येताना पाहिली आणि त्याचं तोंड परत पहिल्यासारखं पडलं. मला त्या क्षणी चटईखाली शिरावंसं वाटलं, पण ती जळाली होती.

सासरे मांडवात खुर्चीवर बसले होते. त्यांना आता नीट दिसत नाही. कुंदाने जळक्या वायरीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन बोटांत फिरवला.

"सोळा नंबर," ते म्हणाले. "कोनं आनली?"

अख्खा मांडव माझ्याकडे पाहू लागला.

"मी, बाबा. मोठा नंबर म्हणून..."

"जवाईबापू, वायरीचा नंबर वाढला का वायर बारीक होते. चार नंबर जाड, सोळा नंबर बारीक." मग जावयाचा मान ठेवायला हवा, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "होते असं. जास्त शिकलेल्या मानसाले होते."

"बाबा, बोअरच्या मोटरीची केबल आहे का दुकानात?" कुंदाने विचारलं.

"हाय ना. तीन तारांची. तिन्ही जोडून एक कर, भागते."

वऱ्हाडी जेवायला बसायचे होते, पण पाहायला गाडीभोवती जमले. कुंदा साडी सावरत डिकीत शिरली. केबलच्या तिन्ही तारा पिळून त्यांची एक जाडजूड तार केली. ती गाडीच्या एका अंगाने नेली आणि आवाजाच्या वायरी दुसऱ्या अंगाने.

"एकमेकींना खेटून ठेवल्या का गोंधळ करतात. तेच ते कुंईं," ती म्हणाली. अर्थिंगच्या जागेवरचा रंग तिने कानसीने खरवडला, खालचं लोखंड चमकेपर्यंत. मी मोबाईलचा उजेड धरला होता.

"वायरीवर धरा! माह्या तोंडावर नाही!"

मग ती फ्यूजपाशी आली. तिने पन्नी उलगडली आणि उजेडात धरली.

"ही माह्या पोळ्यांची पन्नी?"

"हो," मी म्हणालो.

"यानं गाडी जळाली असती. आपणही." एवढंच म्हणाली. त्यावर विनोद करायची माझी आजही हिंमत होत नाही. तिने दुकानातल्या जुन्या पेटीतला चिनी मातीचा फ्यूज आणून बॅटरीजवळ बसवला. सासरे खुर्चीवरून विचारत होते, "आवळला?" आणि ती डिकीतून ओरडत होती, "आवळला, बाबा!"

पायल नटूनथटून मागच्या सीटवर बसली. कुंदाने बटण दाबलं.

कुंईं नाही. मिचकावणं नाही. नुसता स्वच्छ, भरदार आवाज, असा की पोटात गुदगुल्या व्हाव्यात. मांडवाची झालर हलायला लागली. गजानन रडत होता की नाचत होता ते कळत नव्हतं, बहुधा दोन्ही. नवरदेवाच्या डीजेवाल्याने आपला आवाज कमी केला आणि मान वळवून ऐकत राहिला. सासऱ्यांचं बोट खुर्चीच्या दांडीवर ठेका धरून होतं. मी गाडी हळूहळू चालवत होतो आणि बाजूने कुंदा चालत होती, गालाला ग्रीस, मेंदीच्या हातात पक्कड. मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती, आणि हे मी लग्नाच्या फोटोंसकट सांगतो आहे.

त्या दिवशी मी निदान तीस जणांना छाती फुगवून सांगितलं, "ती माझी बायको!" त्यातल्या अठ्ठावीस जणांना ते आधीच माहीत होतं. तिचंच गाव ते.

ही कीर्ती नागपुरात पोचायला वेळ लागला नाही. आता रविवारी कोणी ना कोणी गाडी दाखवायला कुंदाला बोलावतं. मी तिला घेऊन जातो आणि ती काम करते. मागच्या रविवारी एका बंगल्यासमोर मी असाच गाडीत बसलो होतो, तेव्हा तिथला चौकीदार चहाचे दोन कप घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला.

"मॅडम भल्ल्या हुशार आहेत गा. किती वर्षं झाले त्यांच्याकडे गाडीवर?"

"बावीस," मी म्हणालो.

"बापा! अन् सुट्टी?"

"सुट्टी नाही."

"मंग सोडत काहून नाही?"

मी चहाचा घोट घेतला आणि अभिमानाने म्हणालो, "एवढ्या चुका केल्यावरही ठेवून घेणारी मालकीण दुसरीकडे भेटत नाही, भाऊ."